एका हरलेल्या डावाचा इतिहास

वैशाखातल्या या उकाड्यात दिवसभर कोर्ट-कचेरी करून, संध्याकाळी खाऱ्या वाऱ्यावर फिरायला जाण्याऐवजी आपण सारे बुद्धिबळाच्या एका डावाविषयी ऐकायला आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. विषय कळताच एका स्नेह्यांनी आम्हांला विचारले, "लढायांचा इतिहास असतो, राजांचा असतो, डावाचा कसला इतिहास?" त्यांना आम्ही एवढेच म्हटले की पानिपतचा इतिहास सांगताना जो तो शेवटी 'अमुक वेळी तमुक केले असते तर' असे म्हणतोच. बुद्धिबळात हा 'तर' पटावर मांडून दाखवता येतो, आणि जे घडले ते खेळी न खेळी लिहून ठेवलेले असते. इतके स्वच्छ कागदपत्र आमच्या पेशवे दफ्तरातही फार थोड्या प्रसंगांचे मिळेल.

आज ज्या डावाची हकीकत सांगायची तो १८५५ साली कलकत्त्यास खेळला गेला. पांढरी मोहरी होती जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराकडे, काळी मोहेशचंद्र बॅनर्जी या बंगाली ब्राह्मणाकडे. डाव एकवीस खेळ्यांचा. बॅनर्जी हरले. मग हरलेल्या डावाची आठवण पावणेदोनशे वर्षांनी अलिबागेत का काढावी? त्याचे कारण शेवटात नाही, आरंभात आहे. त्या डावाच्या पहिल्या तीन खेळ्यांत काळ्याने जी मांडणी केली तिला आज जगभर एका ऑस्ट्रियन खेळाडूचे नाव आहे, आणि त्या खेळाडूचा त्या वेळी जन्मही झालेला नव्हता.

पण कलकत्त्याला जाण्यापूर्वी थोडे आपल्याकडे पाहू. बुद्धिबळ आपल्याला इंग्रजांनी शिकवले नाही हे सर्वांना ठाऊक आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये या खेळाचा सविस्तर विचार आहे. पुढे सतराव्या शतकात, मूळच्या पैठणच्या आणि काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी 'भगवंतभास्कर' रचला. त्याच्या 'नीतिमयूख' या भागात बुद्धिबळाचे नियम दिले आहेत. धर्मशास्त्र लिहिणाऱ्या पंडिताने राजनीतीच्या पोथीत घोड्याच्या चालीला जागा दिली, हे आम्हांला मोठे मौजेचे वाटते. आमच्याकडे पत्ते आणि सोंगट्या यांना वडीलधाऱ्यांनी नेहमी नाके मुरडली. बुद्धिबळाच्या पटाला मात्र ओटीवर मानाची जागा होती.

आता हा ओटीवरचा खेळ आजच्या खेळाहून कुठे निराळा होता ते लक्षात घेतले पाहिजे, कारण आजच्या कथेची किल्ली तेथेच आहे. गावोगावी बारीकसारीक फरक होते. ठळक गोष्टी अशा की देशी डावात प्यादे पहिल्याच चालीत दोन घरे उडी घेत नसे, एकेक घर सरके. किल्लेकोट करण्याची विलायती रीत नव्हती. त्याऐवजी राजाला, त्याला शह बसलेला नसल्यास, साऱ्या डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येई. प्यादे शेवटच्या घरात पोचले की त्याचा सरसकट वजीर होत नसे. ज्या मोहऱ्याच्या घरात ते पोचले ते मोहरे त्याला मिळे. आणि प्याद्याने मात करण्यात, म्हणजे प्यादेमातीत, जो दिमाख होता तो वजिराने केलेल्या मातीत नव्हता.

याचा परिणाम काय होई? प्यादी हळू चालत, त्यामुळे दोन्ही सैन्यांची गाठ पडायला वेळ लागे. तोवर खेळणारा आपल्या घरातच मोर्चेबंदी करी. इकडचे प्यादे एक घर सरकवून त्याच्यामागे उंट बसव, तिकडे घोड्याला वाट करून दे, असे चाले. विलायती डावात मात्र दोन प्यादी दोन-दोन घरे उडून पटाच्या मध्यभागी तिसऱ्या-चौथ्या खेळीलाच एकमेकांच्या नरड्याला हात घालीत. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय खेळाडूंचा सिद्धांतच असा होता की मध्य आपल्या प्याद्यांनी व्यापावा. जो ते करीत नाही त्याला खेळ कळत नाही.

दोन रीती प्रथम समोरासमोर आल्या त्याचा एक पुरावा आपल्याच मुंबईचा आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री या दाक्षिणात्य पंडिताने 'विलासमणिमंजरी' नावाचा बुद्धिबळावरचा संस्कृत ग्रंथ रचला. दुसऱ्या बाजीरावाच्या पुणे दरबारी त्यांच्या खेळाची चहा होती. त्या ग्रंथावरून इंग्रजीत केलेले पुस्तक १८१४ मध्ये मुंबईस छापले गेले. त्यात निरनिराळ्या कूटस्थिती आहेत: अमुक चालींत मात करून दाखवा, अशा प्रकारच्या. पण पुस्तकाच्या नावातच म्हटले आहे की हे सारे युरोपीय खेळाच्या पद्धतीला जुळवून घेतलेले आहे. पेशवाई बुडायला अजून चार वर्षे अवकाश होता. शनिवारवाड्यावरचे निशाण उतरण्याआधी पटावरचे नियम बदलू लागले होते, असे कोणी म्हटल्यास आम्ही त्याला थांबवणार नाही. फक्त शास्त्रीबुवांनी हे नाइलाजाने केले असे समजू नये. ज्याला चार लोकांशी खेळायचे त्याला चौघांचे नियम शिकावेच लागतात.

हेच मोहेशचंद्रांना करावे लागले, आणि तेही पन्नाशीच्या घरात आल्यावर. १८५० साली कलकत्त्याहून विलायतेच्या एका बुद्धिबळविषयक नियतकालिकाला गेलेल्या पत्रात त्यांची हकीकत आली आहे. मुफसलात एक ब्राह्मण आहे, तो आजवर कोणाकडून हरलेला नाही, अशी बातमी कलकत्ता क्लबच्या एका सभासदाच्या कानी गेली. तो मुद्दाम खेळायला गेला आणि स्वतःच हरून आला. मग त्या ब्राह्मणाला कलकत्त्यास आणून कॉक्रेनसमोर बसवण्यात आले. कॉक्रेनने त्याला हरवले; पण समोरचा मनुष्य कोणत्या जातीचा खेळाडू आहे हे त्याने तत्काळ ओळखले. पुढे मोहेशचंद्रांना क्लबमध्ये पगारावर ठेवण्यात आले.

कॉक्रेन कोण, हेही सांगितले पाहिजे. हा कोणी फावल्या वेळात मोहरी सरकवणारा साहेब नव्हे. १८२१ साली पॅरिसला जाऊन तेथल्या अव्वल खेळाडूंशी तो खेळला होता; १८२२ मध्ये त्याने बुद्धिबळावर ग्रंथ लिहिला होता; रजेवर विलायतेस गेला असता लंडनच्या प्रख्यात स्टाँटनशी त्याने शेकडो डाव खेळले होते. आपल्या सभेत वकील मंडळी पुष्कळ दिसतात म्हणून सांगतो, कलकत्त्याच्या न्यायालयातली त्याची वकिलीही चांगली चालत असे. म्हणजे दोन्ही छंद एकत्र नांदू शकतात.

अशा माणसासमोर बसून मोहेशचंद्र शेकडो डाव खेळले. कित्येक हरले, काही जिंकले. कॉक्रेन ते डाव टिपून ठेवी व विलायतेस पाठवी, म्हणून ते आज उपलब्ध आहेत. ही गोष्ट त्याच्या जमेस धरली पाहिजे. हरवलेल्या माणसाचे डाव जपून ठेवणारा विजेता दुर्मिळच.

त्याच्या आवडीची एक धडक होती. १८४८ सालच्या एका डावात त्याने चौथ्या खेळीलाच आपला घोडा काळ्या राजाच्या उंटापुढच्या प्याद्यावर फेकला. घोडा गेला, पण राजाला उघड्यावर यावे लागले. या प्रकाराला आजही 'कॉक्रेन गॅम्बिट' म्हणतात. समोर बसलेले होते मोहेशचंद्र. ते प्यादे आणि तो घोडा लक्षात ठेवावा. सात वर्षांनी त्यांची पुन्हा भेट होणार आहे.

आता १८५५ चा डाव. पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे चालवले. काळ्याने त्याला प्याद्याने उत्तर न देता राजाकडचा घोडा बाहेर काढला. पांढऱ्याने वजिराच्या उंटापुढचे प्यादेही दोन घरे पुढे आणले. काळ्याने राजाच्या घोड्यापुढचे प्यादे एकच घर, आपल्या देशी सवयीप्रमाणे, सरकवले. पांढऱ्याचा दुसरा घोडा आला. आणि आता काळ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकून मध्यावर एकदम आव्हान दिले. ही तिसरी खेळी. येथे देशी आणि विलायती दोन्ही रीती एका हातात आल्या. सरकवलेल्या प्याद्यामागे उंट जाऊन बसला, मोहेशचंद्रांनी किल्लेकोटही करून घेतला. मग घोड्याला घोडा मारून पांढऱ्याला मध्यावर प्यादी मांडू दिली आणि लगेच बाजूने वजिराच्या उंटाचे प्यादे पुढे करून त्या मांडणीवर घाव घातला.

याचे मर्म अलिबागकरांना समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. आपला कुलाबा समुद्रात उभा आहे. किनाऱ्यावरची प्रत्येक वाळूची पट्टी तो धरून बसलेला नाही. भरतीला पाणी त्याच्याभोवती असते, ओहोटीला माणूस चालत जाऊ शकतो; शत्रूला वाटते, किनारा तर आपलाच. पण त्या पट्टीवर पाऊल ठेवणारा कुलाब्याच्या आणि शेजारच्या सर्जेकोटाच्या तोफांखाली येतो. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कान्होजी आंग्र्यांच्या या किल्ल्यावर चालून आले होते. किनाऱ्यावर उतरले आणि काही हाती न लागता परत गेले. अर्थात त्या वेळी बाजीराव पेशवेही मदतीस आले होते, केवळ तटाने काम झाले नाही. कोपऱ्यातल्या प्याद्यामागे बसलेला उंट असाच असतो. तो मध्यात नसतो. पण त्याची तिरपी वाट साऱ्या मध्यावरून जाते. पांढऱ्याने तेथे प्यादी उभी केली की तीच त्याला राखत बसावे लागते.

तेराव्या खेळीपर्यंत मोहेशचंद्रांचा डाव सुरेख चालला आहे. उंट, घोडा, हत्ती, सगळे बाहेर. चौदाव्या खेळीला कॉक्रेनने वजीर एका बाजूला आणून ठेवला. तेथून त्याची तिरपी नजर थेट काळ्या राजाच्या उंटापुढच्या त्या जुन्या प्याद्यावर जात होती. त्या प्याद्याला राजा आणि हत्ती अशा दोघांचा आधार होता. नेमक्या याच क्षणी मोहेशचंद्रांनी तो हत्ती एक घर बाजूला काढला. दिसायला किती साधी चाल! हत्ती मधल्या प्याद्यामागे आला एवढेच. पण ते प्यादे आता एकट्या राजाच्या भरवशावर राहिले.

कॉक्रेनने घाई केली नाही. हत्तीने काळ्या वजिराला एका घरातून दुसऱ्या घरात पिटाळत परत आपल्या जागी नेऊन बसवले. मग सतराव्या खेळीला घोडा पुढे घातला. मोहेशचंद्रांनी उंटाला उंट मारला, आणि त्या उंटाच्या नजरेत पांढऱ्याचे दोन्ही हत्ती एकदम आले. मोह पडावा अशीच जागा. अठराव्या खेळीला पांढऱ्या घोड्याने ते प्यादे मारले. राजाला तो घोडा मारता येईना, मागे वजीर होता. मोहेशचंद्रांनी आपला घोडा पांढऱ्या वजिरावर घातला. पण आता वजिराची पर्वा कोणाला होती? घोडा उडाला आणि घोडा व वजीर या दोघांचा एकदम शह बसला. राजा कोपऱ्यात गेला. वजिराने राजाशेजारी जाऊन आपले बलिदान केले. हत्तीला तो मारावाच लागला, आणि मारताच राजाची शेवटची वाट त्याच्याच हत्तीने बंद केली. घोडा पुन्हा त्याच घरात परतला, जेथे ते प्यादे होते. मात. राजाच्या भोवती सगळी त्याचीच माणसे, आणि बाहेर पडायला एकही फट नाही.

आमच्या मते मोहेशचंद्र हरले ते मांडणीमुळे नव्हे; हरले ते चौदाव्या खेळीच्या एका घरामुळे. पण त्या काळी फळ पाहून झाड ठरवण्याची रीत होती. काळा हरला, तेव्हा हा आरंभही मुफसली आहे, असेच विलायतेत समजले गेले असल्यास नवल नाही. १८८४ मध्ये अशा मांडण्यांना 'भारतीय बचाव' असे नाव छापील स्वरूपात आलेले दिसते, आणि ते बॅनर्जींच्या या डावांवरूनच आले. पण त्या नावात त्या वेळी बहुमानापेक्षा विचित्रपणाचा अर्थ अधिक असावा असा आमचा तर्क आहे.

पुढे पहिले महायुद्ध झाले, आणि युरोपात जुन्या सगळ्याच गोष्टींविषयी शंका घेणारी पिढी आली. निम्झोविच, रेटी, टार्टाकोव्हर या खेळाडूंनी म्हणायला सुरुवात केली की मध्य प्याद्यांनी व्यापलाच पाहिजे असे नाही. त्यावर दुरून मारा ठेवला तरी पुरे. १९२२ मध्ये व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने मोहेशचंद्रांच्या त्याच तीन खेळ्या खेळल्या आणि त्याच वर्षी त्याने पुढे जगज्जेता झालेल्या अलेखाइनला या मांडणीने हरवले. तेव्हापासून ती 'ग्रुनफेल्ड बचाव' झाली. आमच्यातले काही उत्साही लोक येथे चोरीची फिर्याद घेऊन उभे राहतात. आम्हांला ते पटत नाही. ग्रुनफेल्डने मांडणीचा अभ्यास केला, ती अव्वल स्पर्धांत खेळली, जिंकून दाखवली. नाव त्याने कमावले. पण इतिहासात पहिला कोण, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर छापील डावात आहे. कुटुंबाचे नाव 'भारतीय' आणि घराचे नाव 'ग्रुनफेल्ड' अशी आजची वाटणी आहे. ज्याने पाया घातला त्याचे नाव कोणत्याच दारावर नाही.

मोहेशचंद्रांनंतर दोन नियमांची ही कसरत सर्वांत मोठ्या पटावर करून दाखवली ती पंजाबच्या सुलतान खानाने. सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरी तो होता. देशी डावात वाढलेला हा मनुष्य विलायती नियम शिकला १९२६ च्या सुमारास. १९२८ मध्ये अखिल हिंदुस्थानची स्पर्धा जिंकला. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे घेतली. १९३० च्या अखेरच्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला त्याने हरवले. मौज अशी की त्या डावात 'भारतीय' बचाव कापाब्लांकाकडे होता आणि भारतीय माणूस पांढऱ्या बाजूला! १९३३ च्या शेवटी मालकाबरोबर तो परत आला आणि मोठ्या स्पर्धांतून दिसेनासा झाला. १९६६ मध्ये वारला. जागतिक संघटनेने त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर पदवी दिली ती २०२४ साली.

आपल्या महाराष्ट्रात देशी डाव जाऊन विलायती डाव रुजला तो मुख्यतः मंडळांतून. सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाचे आणि भाऊसाहेब पडसलगीकरांचे नाव येथे घेतले पाहिजे. १९४१ पासून त्या मंडळाने स्पर्धा भरवण्याचे व्रत घेतले. १९५५ मध्ये एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा पहिला क्रमांक दोघांत वाटला गेला. त्यांतले एक आपले रामचंद्र सप्रे.

आणि एका आरंभाचा उल्लेख केल्याशिवाय आम्हांला पुढे जाता येणार नाही. तो पटावरचा नव्हे, पटाशी बसण्याचा आरंभ आहे. ओटीवरच्या डावाचे आम्ही इतके कौतुक केले. पण त्या ओटीवर घरातल्या मुली कोठे होत्या? दाराआडून पाहून चाली शिकणाऱ्या होत्या, पटासमोर बसणाऱ्या जवळजवळ नव्हत्याच. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली. पुढे जयश्री आणि रोहिणी या त्यांच्या बहिणींनी हे पद घरातच ठेवले. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा गदारोळ उठला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स ऑयवे यांना निर्णय द्यावा लागला की स्त्रियांना कोणत्याही राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत खेळण्यापासून अडवता येणार नाही. १९८१ मध्ये रोहिणी आशियाच्या पहिल्या महिला विजेत्या झाल्या. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातील बातुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत दोन्ही बाजूंना भारतीय होत्या, कोनेरू हंपी आणि नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. दिव्या जिंकली आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टरही झाली.

मोहेशचंद्र पुन्हा आठवतात ते असे प्रसंग पाहताना. पन्नाशीच्या माणसाने आयुष्यभर पक्के केलेले नियम बाजूला ठेवून, परक्या भाषेत बोलणाऱ्या मंडळींत, परक्या नियमांनी खेळायला बसावे, हरावे, पुन्हा बसावे. आणि तरीही प्यादे सरकवताना हात मात्र आपल्याच सवयीने चालावा! शिकवलेले जसेच्या तसे खेळले असते तर कदाचित दोन-चार डाव अधिक जिंकले असते. मग त्यांचा एकही डाव आज कोणी काढून पाहिला नसता.

आमचे बोलणे संपले. त्या डावाची चौदाव्या खेळीची स्थिती आम्ही येथे टेबलावर मांडून ठेवली आहे. खेळी काळ्याची आहे. हत्ती न हलवता मोहेशचंद्रांचा डाव पुढे चालवून पाहण्याची ज्यांना इच्छा असेल त्यांनी जरूर पुढे यावे. पांढऱ्याकडून आम्ही बसू. आणि हरलो तर बुरा मानणार नाही.